मुठीचे कौतुक पुरे

मंडळी, हा लेख थोडा चिडून लिहिला आहे हे आधीच सांगून टाकते. नातेवाइकांपैकी ज्यांना तो आपल्यावर आहे असे वाटेल, त्यांचे वाटणे बरोबर आहे!

झाले असे की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक निरोप आला. ढकलत ढकलत आलेलाच, मूळ लिहिणारा कोण ते देवाला ठाऊक. एका बाईचा फोटो, दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारी, केस मोकळे, गळ्यात भलामोठा पट्टा. खाली मजकूर असा, की अर्जेंटिनातल्या या मुलीला नवरा मारायचा, तिने रडत न बसता मूठ आवळली, त्याला उलटा ठोसा दिला आणि जगज्जेती झाली. म्हणून मुलींना रडायला नको, लढायला शिकवा. त्यावर आमच्या भाच्याने लगेच लिहिले, "बघा! पोलीस नको, कोर्ट नको. प्रत्येक मुलीला कराटे शिकवलं की प्रश्न मिटला." त्याखाली अंगठ्यांची रांग. नेहमी माझ्या बाजूने बोलणाऱ्या दोघीतिघींचेही अंगठे त्यात होते.

मी दोन ओळींत उत्तर दिले तर "मावशी, तुम्ही प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढताच" असे आले. दोन ओळींत मावणारे नव्हतेच ते. म्हणून इथे.

ती बाई म्हणजे अलेहांद्रा ओलिवेरास. तिथे तिला 'ला लोकोमोतोरा' म्हणत, म्हणजे आगगाडीचे इंजिन. मला मुष्टियुद्धातले काय कळते असे विचाराल तर पूर्वी काहीच कळत नव्हते. मी भूगोल शिकवायचे. अर्जेंटिना म्हटले की पंपासची गवताळ मैदाने, गहू, गुरे आणि ब्युनोस आयरीस एवढेच तीस वर्षे फळ्यावर लिहिले. पण २०२५ च्या जुलैअखेर ही बाई वारली तेव्हा नातीने तिच्याबद्दलचे काही वाचून दाखवले आणि मग मी त्या धाग्याने बरेच वाचत गेले. निवृत्त माणसाला वेळ असतो.

तिचा जन्म १९७८ चा, हुहुई प्रांतात एल कार्मेन या गावी. हुहुई म्हणजे अर्जेंटिनाचा अगदी वायव्य कोपरा, पलीकडे बोलिव्हिया. वाढली मात्र कोर्दोबा प्रांतातल्या अलेहांद्रो रोका नावाच्या लहान गावात, म्हणजे माझ्या त्या पंपासमध्येच. घरची गरिबी. पंधराच्या आसपास आई झाली. ज्याच्यापासून मूल झाले तो मारायचा. पुढे ती मुलाखतींतून हे उघडपणे सांगत असे, की आपण गुपचूप अंगात ताकद कमावली, एक दिवस त्याला उलट ठोसा मारला आणि लेकराला घेऊन बाहेर पडलो. इथवर निरोपातले खरे आहे. नवरा म्हणायचे की जोडीदार, एवढाच फरक.

पुढचेही खरे आहे, आणि ते निरोपवाल्याने सांगितले त्याहून कितीतरी मोठे आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात ती आली २००५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. या खेळात हे वय सुरुवातीचे नव्हे. आणि पुढच्याच वर्षी, २० मे २००६ रोजी, मेक्सिकोत तिहुआनाला जाऊन तिने हॅकी नावाकडून वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा सुपर बँटमवेट गटाचा पट्टा घेतला. नावा तिहुआनाचीच. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, आणि ती त्या संस्थेची पहिली महिला विजेती. अशा ठिकाणी पाहुणीने गुणांवर जिंकायचे म्हटले तर अवघडच असते. ओलिवेरासने गुणांपर्यंत गोष्ट जाऊच दिली नाही, शेवटच्या फेरीआधीच पंचांनी लढत थांबवली. सुपर बँटमवेट म्हणजे १२२ पौंडांपर्यंतचे वजन, साधारण ५५ किलो. पुढे ती वर सरकत गेली आणि चार वजनगटांत जागतिक पट्टे मिळवले. हे बोलायला सोपे. दोन-तीन किलोंनी वरच्या गटात जाणे म्हणजे जन्मजात मोठ्या हाडापेराच्या बायकांसमोर उभे राहणे. ३३ लढती जिंकल्या, ३ हरल्या, २ बरोबरीत. जिंकलेल्यांपैकी १६ समोरचीला आडवे करून किंवा लढत थांबवायला लावून. बायकांच्या फेऱ्या दोन मिनिटांच्या असतात (पुरुषांच्या तीन मिनिटांच्या), त्यामुळे आडवे करायला वेळही कमी मिळतो. तरी सोळा.

तेव्हा तिच्या मुठीबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या निरोपाने जे गाळले त्याबद्दल आहे.

२००५ मध्ये ती रिंगमध्ये उतरली, पण उतरू शकली कशी? ताकद होती म्हणून? ताकदीच्या बायका तिच्याआधी अर्जेंटिनात जन्मल्याच नव्हत्या काय! शेजारच्या ब्राझीलमध्ये तर १९४१ साली सरकारी फर्मानच निघाले होते, की बायकांनी त्यांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ खेळू नयेत. १९६५ मध्ये यादी करून दिली, त्यात फुटबॉल होता, वॉटर पोलो होता, वजन उचलणे होते आणि सगळ्या प्रकारच्या कुस्त्या-मारामाऱ्या होत्या. ती बंदी उठली १९७९ मध्ये. अर्जेंटिनात कागदावर असली यादी नव्हती असे धरू, पण मुष्टियुद्ध महासंघ बायकांना परवानाच देत नव्हता आणि परवान्याशिवाय व्यावसायिक लढत नाही.

हे दार ज्या बाईने उघडले तिचे नाव मार्सेला अकुन्या. टोपणनाव 'ला तिग्रेसा', वाघीण. फोर्मोसा प्रांतातली, १९७६ चा जन्म. लहानपणापासून कराटे, मग किकबॉक्सिंग. आपल्या देशात लढता येत नाही म्हणून ती १९९७ च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लोरिडाला गेली. आयुष्यातली पहिली व्यावसायिक लढत, आणि समोर कोण, तर क्रिस्टी मार्टिन, त्या वेळची जगातली सर्वांत नावाजलेली महिला मुष्टियोद्धा. दहा फेऱ्या टिकली आणि गुणांवर हरली. १९९८ मध्ये दुसरी लढत. समोर लुसिया राइकर, जिला कोणी हरवलेच नव्हते. पाचव्या फेरीत अकुन्या आडवी झाली. म्हणजे पहिल्या दोन्ही लढतींत हार. कोणताही शहाणा शिक्षक नवशिक्या मुलाला पहिला पेपर विद्यापीठाचा देत नाही. पण हिला बालवाडीच नव्हती, म्हणून थेट विद्यापीठात जाऊन नापास व्हावे लागले. तिथून ती परत आली आणि महासंघाच्या मागे लागली. २००१ मध्ये तिला परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता एक.

परवाना क्रमांक एक २००१ चा आणि ओलिवेरासची पहिली लढत २००५ ची. मधली चार वर्षे गाळली की गोष्ट अशी होते, की एका मुलीने मूठ आवळली आणि जग जिंकले. ती जमेस धरली तर गोष्ट अशी होते, की आधी एका बाईने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, नियम बदलायला लावला, आणि मग दुसऱ्या एका मुलीच्या मुठीला किंमत आली. आमच्या भाच्याला पहिली गोष्ट आवडते. त्यात कोणालाच काही करावे लागत नाही, त्या मुलीखेरीज.

गंमत म्हणजे या दोघी समोरासमोर आल्या. ४ डिसेंबर २००८, ब्युनोस आयरीसचे लुना पार्क. हे बंदिस्त सभागृह म्हणजे त्यांच्या मुष्टियुद्धाचे पंढरपूर. (पेरॉन आणि एविता यांची १९४४ मधली ती प्रसिद्ध भेटही इथलीच, भूकंपग्रस्तांच्या मदतीच्या कार्यक्रमातली.) पट्टा ओलिवेरासचा होता. सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत ज्या देशात बाईला परवाना नव्हता तिथे दोन देशी बायका जागतिक पट्ट्यासाठी लढल्या आणि लोक तिकीट काढून बघायला आले. अकुन्या गुणांवर जिंकली. ओलिवेरासच्या तीन पराभवांतला हा एक. त्या रात्रीचा फोटो कोणी ढकलत नाही, कारण त्यात 'मार खाणारी आणि मारणारी' अशी सोपी वाटणी नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि हिच्यासाठी मला खरा राग येतो.

याच देशात, याच लुना पार्कमध्ये, ओलिवेरासच्या कितीतरी आधी एक मूठ गाजली होती. कार्लोस मोन्सोन. सांता फे प्रांतातला, अत्यंत गरिबीतून आलेला. १९७० मध्ये रोमला जाऊन निनो बेन्वेनुतीला हरवून मिडलवेटचा जगज्जेता झाला आणि १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत पट्टा सोडला नाही. चौदा वेळा राखला. जाणकार त्याला त्या वजनातल्या सर्वश्रेष्ठांत धरतात. १४ फेब्रुवारी १९८८ च्या पहाटे मार देल प्लाता इथे त्याने आपली जोडीदार अलिसिया मुन्यिस हिचा गळा दाबला आणि तिला सज्जातून खाली टाकले. ती मेली. त्यांचे लेकरू लहान होते. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली, ती पुरी व्हायच्या आत १९९५ मध्ये रजेवर बाहेर असताना मोटार उलटून तो मेला, आणि अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. सांता फे शहरात नदीकाठी त्याचा पुतळा आहे.

ओलिवेरास पुढे त्याच सांता फे भागात राहायची, तिथेच व्यायामशाळा चालवायची. तिच्या रोजच्या जाण्यायेण्यात तो पुतळा दिसत होता की नाही मला माहीत नाही. पण निरोप ढकलणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा, की मूठ ही काही बायकांच्या हाती नव्याने आलेली युक्ती नव्हे. ती घरात आधीपासूनच आहे. ज्या घरात प्रश्न मुठीने सुटतो, तिथे तो ज्याची मूठ मोठी त्याच्या बाजूने सुटतो. पंधरा वर्षांच्या मुलीची मूठ एका दिवशी बरोबर बसली हे तिचे धाडस, आणि तिचे नशीबही. बसली नसती तर?

"मग चांगलं ट्रेनिंग द्यायचं," हे भाच्याचे उत्तर तयार आहे, मला ऐकूही आले.

बरे, ट्रेनिंग. वर क्रिस्टी मार्टिनचे नाव आले. ४९ लढती जिंकलेली बाई. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेली पहिली महिला मुष्टियोद्धा. बायकांमध्ये हिच्याइतके ट्रेनिंग झालेली त्या काळी दुसरी शोधूनही सापडली नसती. तिचा नवरा हाच तिचा प्रशिक्षक, वयाने तिच्याहून कितीतरी मोठा. २३ नोव्हेंबर २०१० रोजी फ्लोरिडातल्या घरात त्याने तिला सुऱ्याने भोसकले आणि तिच्याच पिस्तुलातून गोळी घातली. मेली समजून तो बाजूला झाला तेव्हा ती कशीबशी रस्त्यावर आली आणि जाणाऱ्या एका अनोळखी गाडीवाल्याने तिला इस्पितळात नेले. २०१२ मध्ये नवऱ्याला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०२४ मध्ये तो तुरुंगातच मेला.

मला सांगा, तिला काय कमी शिकवायचे राहिले होते? कोणता ठोसा? तिला वाचवले ते गाडी थांबवणाऱ्या माणसाने, डॉक्टरांनी आणि मग पोलीस-कोर्टाने. म्हणजे भाच्याने जे जे 'नको' म्हटले त्यांनीच.

आणि अर्जेंटिनात तरी काय झाले? तिथल्या बायकांनी ठोसे शिकून प्रश्न सोडवला नाही. २००९ मध्ये बायकांवरच्या सर्व प्रकारच्या हिंसेविरुद्ध कायदा झाला. २०१२ मध्ये, बाई आहे म्हणून पुरुषाने केलेला तिचा खून हा दंडसंहितेत जास्त कडक शिक्षेचा गुन्हा झाला. मोन्सोनच्या वेळी हे कलम नव्हते. ३ जून २०१५ रोजी 'नी उना मेनोस', म्हणजे 'एकही कमी नको', म्हणत प्रचंड संख्येने लोक रस्त्यावर आले, एका गरोदर चौदा वर्षांच्या मुलीच्या खुनानंतर. आपल्याकडचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. ओलिवेरासने तिहुआनात पट्टा जिंकला त्याच वर्षी. तो आपल्या घरातल्या किती जणांनी वाचला आहे? कराटेच्या वर्गाचे पत्रक मात्र प्रत्येक फ्रिजवर चिकटवलेले आहे.

यावर माझ्या एका ब्लॉगमैत्रिणीने फोनवर मुद्दा काढला, आणि तो मी टाळत नाही. ती म्हणाली, "बाई, ताकद आली की मुलीची मान वर होते. चालणं बदलतं. ते तुम्ही नाकारता का?" नाही नाकारत. ओलिवेराससुद्धा शेवटपर्यंत हेच सांगत हिंडायची, मोठ्या आवाजात, हसत हसत, आणि तिथल्या कितीतरी बायकांना ती आपली वाटायची. ज्या बाईने मार खाल्ला आहे तिने 'मी मूठ उगारली' हे अभिमानाने सांगावे, तो तिचा हक्क आहे. पण ते तिने सांगणे वेगळे आणि सोफ्यावर बसून आमच्या भाच्याने सांगणे वेगळे. तिच्या तोंडी ती तिची हकीकत आहे. याच्या तोंडी तो अंग काढून घ्यायचा मार्ग आहे.

अंग काढून घेण्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. ते आता लिहिते. खूप वर्षे लिहीन लिहीन म्हणत होते.

१९८० च्या दशकातली गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी होती. गोळाफेकीत तालुक्यात पहिली. शाळेतली सतरंज्यांची वळकटी दोन शिपाई मिळून उचलत ती ही एकटी खांद्यावर टाकून न्यायची. दहावीनंतर लगेच लग्न झाले. वर्ष-दीड वर्षाने ती एका दुपारी शाळेत आली. मधली सुट्टी होती. मनगट सुजलेले, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. म्हणाली, "बाई, माहेरचे ठेवून घेत नाहीत. चौकीवर गेले तर घरचं आहे, घरी मिटवा म्हणाले. तुम्ही आमच्या दादांशी बोलाल का?" 

तिच्या हातात ताकद नव्हती असे कोणी म्हणू नये. मी शिकवलेल्या मुलींत तिच्याइतकी ताकदीची दुसरी आठवत नाही. आणि मी काय म्हणाले? "थोडं सांभाळून घे. मूल झालं की शांत होतात." मग घंटा झाली आणि मी आठवीच्या वर्गावर गेले. तिच्या दादांशी मी बोलले नाही. ती परत गेली. पुढे तिची कधीच गाठ पडली नाही. तिच्या गावच्या कोणाला विचारावे असे दोन-तीनदा मनात आले, आणि ऐकायला काय मिळेल या भीतीने विचारले नाही.

तिला कोणीतरी एक ठोसा शिकवायला हवा होता असे मला कधीही वाटलेले नाही. कोणीतरी तिच्या वडिलांच्या ओसरीवर जाऊन बसायला हवे होते. चौकीवर तिच्याबरोबर जायला हवे होते. पगारदार, शिकलेली, गावात मान असलेली मी होते, आणि माझा तास होता म्हणून मी गेले नाही.

म्हणून ते अंगठे बघून डोके फिरले. असो.

ओलिवेरासचे शेवटचे सांगून थांबते, कारण तेही निरोपात नव्हते. २०१९ मध्ये ती निवृत्त झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये सांता फे प्रांताची राज्यघटना बदलण्यासाठी जी सभा नेमायची होती तिच्यावर ती निवडून आली. चार वजनगटांत पट्टे घेतलेल्या बाईला शेवटी कायदा लिहितात त्या खोलीत जाऊन बसावेसे वाटले! १४ जुलैला शपथविधी होता. त्याच दिवशी तिला मेंदूचा झटका आला. दोन आठवडे सांता फेच्या सरकारी इस्पितळात काढले, शस्त्रक्रिया झाली, सुधारते आहे अशाही बातम्या आल्या, आणि २८ जुलैला फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून ती गेली. वय सत्तेचाळीस. त्या सभेतली तिची खुर्ची तिला मिळालीच नाही.

हे सगळे मी ग्रुपवर टाकणार नाही. दुवा टाकीन, ज्याला वाचायचे तो वाचेल.

आमच्या इथल्या सभागृहात येत्या रविवारी मुलींसाठी स्वसंरक्षणाचे शिबिर आहे. नातीचे नाव दिले आहे, ते मी काढायला लावलेले नाही; जाऊ दे, व्यायाम होतो. नाव नोंदवायला मीच गेले होते. तिथल्या मुलाला विचारले, माझ्या नातवाचेही नाव घ्याल का, तो तेरा वर्षांचा आहे. तो म्हणाला, "आजी, हे फक्त मुलींसाठी आहे. मुलांना काय शिकवायचं?" मी म्हटले, तेच विचारते आहे. त्याने वही मिटली आणि पुढच्या बाईंना "या" म्हणाला.